एक कॉम्प्युटर, दोन सिस्टिम: सामायिक ड्राइव्ह एनटीएफएस ठेवावा, एक्सफॅट की ईएक्सटी४?

इंदूरला लोकमान्य नगरात माझ्या आत्याकडे एकच कॉम्प्युटर आहे. काकांचे हिशेब विंडोजमध्ये, आतेबहिणीचं कॉलेजचं प्रोग्रॅमिंग उबुंटूमध्ये (हे लिनक्सचंच एक रूप), आणि डी ड्राइव्ह दोघांचा. घरच्या गणपतीचे सगळ्या वर्षांचे फोटोही त्यातच. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होत नाहीये. सीएचमॉड ७७७ दिलं, तेही चालत नाही."

सीएचमॉड ही लिनक्समध्ये फाइलच्या परवानग्या बदलायची कमांड, आणि ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. पण घोळ परवानग्यांचा नव्हताच. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आला. त्यात शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि ड्राइव्हवरचा ताबा सोडत नाही. लिनक्स मग तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं, आणि ते योग्यच आहे. जबरदस्तीने लिहिलं तर फोटोच जायचे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन काकांनी फास्ट स्टार्टअप बंद केला आणि काम झालं. दोन सिस्टिम ठेवणार असाल तर हे पहिल्या दिवशीच करा.

आता निवडीचं. एनटीएफएस, एक्सफॅट आणि ईएक्सटी४ या ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या तीन पद्धती: पहिली विंडोजची, दुसरी दोन्हीकडे चालणारी, तिसरी लिनक्सची. विंडोज प्रत्येक फाइलसोबत परवानग्यांची यादी ठेवतं आणि माणूस एका लांबलचक ओळख-क्रमांकाने ओळखतं. लिनक्सकडे सहसा मालक, गट आणि बाकीचे, एवढंच. मालक म्हणजे १००० सारखा साधा आकडा. दोघांच्या वह्या वेगळ्या, आणि एकाची दुसऱ्याला आपोआप वाचता येत नाही.

एनटीएफएसला माझं मत आहे. लिनक्समध्ये नेहमीच्या एनटीएफएस-३जी ड्रायव्हरने ड्राइव्ह जोडला की परवानग्या फाइलवरून येत नाहीत, जोडताना दिलेल्या सूचनेवरून येतात. म्हणून तिथे सीएचमॉडचा उपयोग नाही. एफएसटॅब फाइलमध्ये (कोणता ड्राइव्ह कसा जोडायचा ते लिनक्स यातून वाचतं) त्या ड्राइव्हच्या ओळीत यूआयडी=१०००, डीमास्क=०२२, एफमास्क=१३३ लिहिलं की सगळं तुमच्या नावावर येतं: फोल्डर ७५५, फाइल ६४४, म्हणजे बदल तुम्ही करायचे, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. सोबत 'विंडोज_नेम्स' हा पर्यायही द्या, म्हणजे नावात विसर्ग-चिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेली, विंडोजला न चालणारी फाइल लिनक्सकडून तयारच होणार नाही. उणीव एकच, पण लक्षात ठेवण्यासारखी: डिस्क तपासायची वेळ आली तर ते काम विंडोजमधूनच करावं.

एक्सफॅटमध्ये परवानग्या साठवायची सोयच नाही. भांडण नाही, पण कुलूपही नाही. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तो २०१९ पासून आहे, दोन्हीकडे सहज चालतो. पण त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर सावरायला आधार कमी. पेनड्राइव्हला उत्तम. वर्षानुवर्षांचे फोटो मी त्यावर ठेवणार नाही.

ईएक्सटी४ वर लिनक्सच्या परवानग्या जशाच्या तशा टिकतात, पण विंडोज तो स्वतःहून वाचत नाही. विंडोज ११ मध्ये डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) ईएक्सटी४ डिस्क जोडता येते, मात्र विंडोज ज्या डिस्कवर आहे तीच डिस्क अशी जोडता येत नाही. एकाच डिस्कच्या लॅपटॉपवाल्याला हा रस्ता बंदच. तरीही प्रोग्रॅमिंगचा कोड मी आतेबहिणीला ईएक्सटी४ वरच, तिच्या होम फोल्डरमध्ये ठेवायला लावला. तो डी ड्राइव्हवर होता तेव्हा परवानग्या बदलल्यामुळे गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) हात न लावलेल्या फाइलीही बदललेल्या दाखवायचं, आणि ती बिचारी तासभर चूक शोधत बसायची.

दोन्हीकडे लिनक्सच असेल तर ईएक्सटी४ डोळे मिटून घ्या. फक्त 'आयडी' ही कमांड दोन्हीकडे चालवून तुमचा आकडा सारखा आहे ना ते बघा, कारण डिस्कवर नाव नाही, आकडा लिहिलेला असतो.

आणि काकांनी विचारलेला प्रश्न: "विंडोजमध्ये मी फोल्डर बंद केला तर तिला दिसणार नाही ना?" दिसेल. कुलूप लावणारी सिस्टिमच चालू नसेल तर कुलूप कोण राखणार? बँकेचे कागद खरंच झाकायचे असतील तर ते एन्क्रिप्ट करावे लागतात, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाहीत अशा रूपात ठेवावे लागतात. काकांचे कागद आम्ही पासवर्ड लावलेल्या वेगळ्या पेनड्राइव्हवर हलवले.