पुण्यातला ख्रिस्ती बायकांवरचा हेरिटेज वॉक : रमाबाई पास, ‘ऊर्जा’ नापास

रेटिंग आधीच सांगून टाकते. ५ पैकी साडेतीन, आणि त्यातले तीन एकट्या गाइड मुलीचे, आयोजकांचा फक्त अर्धा. आयोजकांचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे कुरकुर बरीच आहे आणि पुण्यात कोण कोणाचा मेहुणा निघेल सांगता येत नाही. वॉक शनिवारी सकाळी पंचहौदच्या चर्चपासून सुरू होतो, मग क्वार्टर गेटचं सिटी चर्च, मग कॅम्पातलं सेंट मेरीज, आणि शेवटी कॅम्पातच एका हॉलमध्ये स्लाइड शो आणि एक ‘अनुभव सत्र’, त्यावर येतेच. माणशी १२०० रुपये, त्यात बनमस्का-चहा आणि एक पीडीएफ. विषय, ख्रिस्ती परंपरेतल्या बायकांचा आवाज आणि देवाचं स्त्रीरूप.

मी ख्रिश्चन नाही. मैत्रीण आहे, मूळची नगरकडची, आणि तिची आत्या आमच्याबरोबर होती, रिटायर्ड मास्तरीणबाई, आयुष्यभर देवळात (त्यांच्यात मराठीत चर्चला देऊळच म्हणतात) उपासनेला पेटीवर बसलेल्या. आत्या नसत्या तर मी निम्म्या गोष्टींना मान डोलावून घरी आले असते.

पंचहौदचा भाग सगळ्यात भारी. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे (अँग्लिकन जोगिणी) राहिल्या आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला इथपर्यंत आपल्याला कुठूनतरी माहीत असतं. (याच सिस्टरांचं काम पुण्यात पंचहौदला होतं, म्हणून वॉक इथून सुरू.) पण बाप्तिस्म्यानंतर रमाबाई त्याच सिस्टरांशी पत्रांमधून किती कडाकडा भांडल्यात ते कोणी सांगत नाही, आणि ही गाइड मुलगी नेमके तेच प्रिंटआउट घेऊन उभी होती. १८८५ च्या पत्रात बाई साधारण असं म्हणतात की आमच्याकडच्या भटांच्या जोखडातून आत्ता कुठे कष्टाने मान सोडवलीय, आता दुसरं तसलंच जोखड घालून घ्यायची माझी इच्छा नाही, बिशप म्हणतो म्हणून ते देवाचं वाक्य असं मी मानणार नाही. सिस्टरांनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं, तर बाईंचं म्हणणं की मला न कळणारी लॅटिन कशाला, संस्कृत का नको! आणि रमाबाईंनी तिकडे पुरुषांना शिकवायचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशप लोकांनी मोडता घातला, त्यावरही बाई चिडल्याच. वडिलांनी जंगलात बसवून बायकोला संस्कृत शिकवलं, आईने ते मुलीला शिकवलं, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, त्या बाईला हे कोण शिकवणार की पुरुषांपुढे बोलू नको.

हे ऐकताना अंगावर काटा आला आणि तेवढ्यात आयोजकांपैकी एक सर पुढे आले, माइक घेतला आणि १८९० चं चहा प्रकरण सुरू केलं. गोपाळराव जोशींनी पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांना पंचहौद मिशनमध्ये नेलं, चहा-बिस्किटं पुढे आली, मग पेपरात नावं छापून आली, लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानडे दोघं त्यात, मग प्रायश्चित्त वगैरे. गोष्ट रंगतदार आहे, नाही म्हणत नाही, पण पुण्यात ती प्रत्येक वॉकमध्ये असते, बायकांच्या वॉकमध्ये सगळ्यात लांब गोष्ट टिळक-रानड्यांच्या चहाची? माझ्या मागे एक काकू हळूच म्हणाल्या, ‘कप कोणी विसळले ते सांगा.’

त्यापेक्षा रमाबाईंचं शारदा सदन, विधवा आणि मुलींसाठीची शाळा-वसतिगृह, नीट सांगायचं होतं. मुंबईत १८८९ ला सुरू झालं, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं, आणि १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतायत म्हणून केवढा गदारोळ, केसरीतून टीका, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर, पालकांनी पोरी काढून नेल्या. त्याच १८९३ मध्ये महर्षी कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्या गोदूबाई शारदा सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी. म्हणजे कर्वेनगरच्या गोष्टीचं एक टोक रमाबाईंकडे निघतं, हे पुण्यात राहून कितीजणांना माहितीये? सरांनी हे दीड वाक्यात उरकलं.

आणि एक चूक सरांच्या नावावर. रमाबाईंनी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल (निराधार बायकांचा आश्रम) सांगताना ते म्हणाले की रमाबाई या ‘जगात एकटीने पूर्ण बायबल भाषांतर करणारी पहिली बाई’. नाही. अमेरिकेत कनेक्टिकटच्या जुलिया स्मिथबाईंचं एकटीने केलेलं इंग्रजी बायबल १८७६ मध्येच छापून आलं होतं. (या आणि त्यांची बहीण मतदानाचा हक्क नाही तर टॅक्सही नाही म्हणून अडून बसल्या, सरकारने त्यांच्या गायी लिलावात काढल्या. असल्या बाईला विसरायचं म्हणजे काय.) त्याने रमाबाई लहान होत नाहीत हो. हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बाईला वाचता येईल असं मराठी करायचं, केडगावच्याच छापखान्यात मुक्तीच्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवायचे, आणि १९२२ मध्ये बाई गेल्या त्याच्या जरा आधी काम हातावेगळं, पूर्ण छापील बायबल १९२४ ला. एवढं असताना उगीच ‘जगात पहिली’ कशाला लागतं कळत नाही.

सिटी चर्च. जागा पेशव्यांनी दिलेली, सवाई माधवरावांच्या काळात, १७९२. इथे येशूच्या आईवर, मरीयेवर बोलणं होतं आणि मला वाटलं आता आई, वात्सल्य, त्याग सुरू होणार. पण गाइडने सरळ बायबलमधला लूकचा पहिला अध्याय काढला, मरीयेचं गीत, ज्यात ही गावातली गरोदर पोरगी म्हणते की देवाने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. आत्यांनी मध्येच ते पाठ म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत म्हटलं, न अडखळता, अख्खा ग्रुप गप्प. नंतर मी विचारलं, ‘आत्या, तुम्ही मरीयेला मानता का?’ तर म्हणाल्या, ‘अगं आमच्यात, प्रोटेस्टंटांत, तिला नवस नाही बोलत, मेणबत्त्या पण नाही, पण गाणं तिचंच म्हणतो की.’

सेंट मेरीजबद्दल फार नाही. १८२५ चं, बिशप हेबरने पवित्र केलेलं, भिंतींवर साहेब लोकांचे फलक. क्वार्टर गेटहून तिथे भर उन्हात चालत नेलं, त्यात दोन ज्येष्ठ बायका होत्या, रिक्षाचे पैसे फीमध्ये धरायला काय झालं होतं.

आता हॉल. पहिला अर्धा भाग परत गाइडचा आणि परत मस्त. मग्दालीया मरीया, येशूची शिष्या. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ती ‘सुधारलेली वाईट चालीची बाई’ असते, आत्या म्हणाल्या आम्हाला संडे स्कूलमध्ये हेच सांगितलं. शुभवर्तमानात असं कुठेच नाही. ५९१ मध्ये पोप ग्रेगरीने एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या बायका एकीत घातल्या आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ते चिकटलं ते चिकटलंच, कॅथलिक कॅलेंडरमध्ये १९६९ ला दुरुस्त झालं, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिसने तिच्या २२ जुलैच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात बघा, पुनरुत्थानानंतर येशू पहिल्यांदा कोणाला भेटतो? हिला. ती त्याला माळी समजते, मग तो नावाने हाक मारतो, आणि जा आणि भावांना सांग म्हणतो. पहिली बातमी सांगणारी बाई.

यावर सर परत उठले आणि ‘मरीयेचं शुभवर्तमान चर्चने दडपून ठेवलं’ वगैरे थ्रिलर सुरू (हे याच मग्दालीयेच्या नावाचं, बायबलमध्ये नसलेलं जुनं पुस्तक). ते हस्तलिखित १८९६ मध्ये कैरोत विकत घेतलं गेलं आणि छापलं गेलं १९५५ ला, खरंय, पण मधल्या उशिराची कारणं म्हणजे छापखान्यात पाण्याची पाइप फुटली आणि दोन महायुद्धं झाली. त्यातला पेत्र या शिष्याचा प्रसंग मात्र वाचण्यासारखा आहेच, तो चिडून विचारतो की प्रभू आम्हाला सोडून एका बाईशी गुपचूप बोलला का, आणि लेवी त्याला सांगतो की तू मुळातच तापट. गाइडने हा भाग आमच्यातल्या चौघांना वाटून मोठ्याने वाचायला लावला, पेत्र झालेले काका जरा जास्तच रंगात आले.

आणि मग ते अनुभव सत्र. दिवे बंद, मेणबत्त्या, सिंगिंग बोल (वाजवायची धातूची वाटी), डोळे मिटा, तुमच्यातली सोफिया (ग्रीकमध्ये शहाणपण, इथे देवाचं स्त्रीरूप) जागी करा, दैवी स्त्री-ऊर्जा पाठीच्या कण्यातून वर येतेय. अर्धा तास! मैत्रिणीला हसू आवरेना. आत्यांनी डोळे मिटलेच नाहीत, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. माझा राग हसण्यापुरता नाहीये पण. देवाला आई म्हणणं ही गोष्ट त्या परंपरेत खरोखर आहे, चांगली मजबूत आहे, आणि ती ‘ऊर्जा’ म्हणून नाही तर बायकांनी आणि पुरुषांनी शब्दात मांडलेली आहे. बायबलच्या यशयात देव म्हणतो, आई समजूत घालते तशी मी तुमची घालीन. मत्तयात येशू स्वतःला पिल्लं पंखाखाली घेणारी कोंबडी म्हणतो. इंग्लंडात नॉरविचची जुलियन, १३७३ मध्ये तिशीत मरणाच्या दारात असताना दर्शनं झाली, मग चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन त्यावर वर्षानुवर्षं विचार केला आणि लिहिलं, बाईने इंग्रजीत लिहिलेलं हातात असलेलं सगळ्यात जुनं पुस्तक तिचं. ती लिहिते की आई लेकराला दूध पाजते, येशू आई तर स्वतःलाच भरवतो. आपल्याला यात धक्का बसायचं कारणच नाही, आपण विठ्ठलाला विठाई म्हणत मोठे झालो, आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (लोकमान्य नव्हेत) त्याच वळणाने ख्रिस्ताला आई म्हणून आळवलंय, आत्यांच्या देवळात ती पदं आजही पेटीवर म्हणतात. एवढं हाताशी असताना वाटी कसली वाजवता? जुलियनला पीडीएफमध्ये एक फोटो आणि दोन ओळी आहेत.

लक्ष्मीबाई टिळकांना तर तेवढ्याही नाहीत! नवरा, म्हणजे हेच रेव्हरंड टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाला, या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं एकेक पायरीने स्वतःच्या अकलेने सोडलं, १९०० मध्ये बाप्तिस्मा, शाळेचं तोंड न बघता ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र, आणि नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य यांनी पुरं केलं. मराठीत बायकांचा ख्रिस्ती आवाज म्हटलं की दुसरं नाव कोणतं येतं? आत्यांनी चहाच्या वेळी सरांना गाठून विचारलं, ‘अहो, लक्ष्मीबाई कुठे राहिल्या?’ सर म्हणाले त्यांचं नगर-नाशिक, आपला वॉक पुण्याचा. आत्या म्हणाल्या, ‘मग ती सोफिया पुण्याची का?’

प्रश्नोत्तरं घाईत उरकली. एका कॉलेजच्या मुलाने विचारलं की बायका पाद्री होऊ शकतात का, तर सरांनी ‘संवेदनशील विषय आहे’ म्हणून टाळलं. यात संवेदनशील काय? कॅथलिकांमध्ये नाही, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये पत्र काढून ठामपणे नाही म्हटलंय. प्रोटेस्टंटांच्या चर्च ऑफ साउथ इंडियात १९७६ पासून आहेत आणि २०१३ मध्ये पुष्पललिता तिथल्या पहिल्या महिला बिशप झाल्या. कॅथलिकांत ‘चर्चचे आचार्य’ ही (धर्मविचारात मोठी भर घालणाऱ्या संतांची) पदवी मिळालेल्या चारच बायका, पहिल्या दोघींना (आविलाची तेरेसा, सिएनाची कॅथरिन) ती १९७० मध्ये मिळाली, आणि चौथी हिल्डेगार्ड, बाराव्या शतकातली, तिला २०१२ ला. हे गाइडने मला नंतर पायऱ्यांवर सांगितलं, माइकवर सांगायला तिला वेळच दिला नाही.

तर जायचं का? रमाबाईंची पत्रं आणि मग्दालीया यासाठी जा. बुकिंग करताना गाइड तीच मुलगी आहे ना हे विचारून घ्या, सर असतील तर बॅच बदला. टोपी, पाणी न्या, पंचहौदला बायकांच्या टॉयलेटची सोय आधीच विचारून ठेवा, आम्हाला थेट हॉलपर्यंत थांबावं लागलं. अनुभव सत्र ऐच्छिक आहे असं पीडीएफच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, तेव्हा खुशाल उठून बनमस्का खायला जा. केडगाव या पॅकेजमध्ये नाही, त्याचे वेगळे पैसे मागतात ते देऊ नका, दौंडकडे जाणारी लोकल केडगावला थांबते. आत्या आम्हाला पुढच्या महिन्यात स्वतःच नेणार आहेत, फुकट, फक्त डबा आम्ही आणायचाय.