लेखी, तोंडी की प्रकल्प? आधी गुण कुठे जाणार ते बघा

लेखी परीक्षा असावी की नसावी, हा वाद शिक्षकांच्या खोलीत कायम चालू असतो. पण ज्याला यंदाच्या वर्गाची गुणविभागणी ठरवायची आहे, त्याच्या तो फारसा कामाचा नाही. लेखीला किती, तोंडीला किती आणि प्रकल्पाला किती, एवढंच त्याला हवं असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. गुणांवर प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा नोकरी ठरणार असेल, म्हणजे गुण वर्गाबाहेर जाणार असतील, तर बहुतेक भार लेखीवरच टाकावा. गुण वर्गातच राहणार असतील, तर लेखीला इतकं चिकटून बसायचं कारण नाही.

आपल्या दहावीच्या निकालांत याचा पुरावा आहे. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले तोंडी-अंतर्गत २० गुण मंडळाने काढून घेतले आणि निकाल थेट ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, तेव्हा सगळं खापर त्या २० गुणांवर फोडता येत नाही. तरीही २० पैकी १८-१९ देण्याची सवय किती शाळांना होती, हे पालकांनाही ठाऊक होतं. मग गंमत पुढे झाली. केंद्रीय मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, आमची मुलं अकरावीच्या यादीत मागे पडतात, अशी ओरड झाली आणि २०१९-२० पासून ते २० गुण परत आले. मुलांना बोलता यावं म्हणून तोंडी परत आणा, असा आग्रह त्या गदारोळात क्वचितच ऐकू आला. २०२० चा निकाल ९५.३० टक्के होता. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

२०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचं शाळेतलं मूल्यमापन मिळून निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. मुलं पास झाली, पण अकरावीला कोणाला कुठे घ्यायचं? सरकारने त्यासाठी वेगळी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, जाहीर केली. शाळांनी दिलेल्या गुणांवर मुलांची क्रमवारी लावण्याइतका विश्वास सरकारलाही नव्हता, असाच याचा अर्थ. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सीईटी रद्द केली आणि प्रवेश त्याच गुणांवर झाले.

लेखीची खरी ताकद प्रश्नपत्रिकेत नाही, उत्तरपत्रिकेत आहे. बारकोडमुळे तपासणाऱ्याला नाव, गाव, आडनाव काही दिसत नाही. निकाल पटला नाही तर छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. तोंडी परीक्षेत अन्याय झाला तर दाखवायला हातात काय असतं? काहीच नाही.

म्हणून लेखी अचूक ठरते असं मात्र नाही. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतली. गुण २८ पासून ९२ पर्यंत पडले, आणि विषय निबंधाचा नव्हता, भूमितीचा होता! आपल्याकडे आदर्श उत्तरं आणि तपासलेले पेपर पुन्हा बघणारे नियामक असतात ते याच रोगावर. शिवाय लेखीला बरंच काही दिसतच नाही. मराठीत ८० पैकी ७० मिळवणारी मुलगी वर्गासमोर दोन मिनिटं बोलू शकेलच असं नाही. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून आलेला आणि विषय समजलेला, या दोघांची उत्तरं कागदावर सारखीच दिसू शकतात.

तिथे तोंडी कामाला येते. ‘असं का?’ एवढा एक उलटा प्रश्न टाकला की पाठांतर उघडं पडतं. पण हिशेब करा. ६० मुलांचा वर्ग आणि प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर पाच तास लागतात, तेही एका विषयाला. घाईत मग प्रत्येकाला एक प्रश्न आणि सरसकट १८ गुण. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. समोर चेहरा असतो, बोलीही असते. प्रश्न इतिहासाचा असतो, उत्तर बरोबर असतं, पण मूल ‘व्हतं’ म्हणतं आणि नकळत एक गुण कापला जातो. लाजाळू मुलाचं काय होतं ते सांगायला नको.

प्रकल्पाबद्दल थोडक्यात. पूर्वी स्टेशनरीच्या दुकानात तयार तक्ते मिळायचे आणि रात्री आई-बाबा ते चिकटवायचे, आता चॅटजीपीटी मजकूर लिहून देतं. घरून आलेल्या फाइलला गुण देणं म्हणजे घराला गुण देणं. प्रकल्प ठेवायचाच असेल तर गुण फाइलला नकोत. वर्गात बसून लिहिलेल्या दहा ओळींना आणि त्यावरच्या दोन प्रश्नांना द्या.

पहिली ते आठवीचं आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणारं, मूल्यमापन कागदावर फार चांगलं आहे. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय, सगळं त्यात येतं, आणि लहान वर्गांत संकलितपेक्षा, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेपेक्षा, आकारिकचा वाटा मोठा ठेवला आहे. शिक्षणहक्क कायद्यानंतर ते राज्यभर आलं. पण वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या आणि अर्ध्या वर्गाला ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो’ हीच नोंद मिळू लागली. शिक्षकाला वर्षभर इतर कामांना जुंपल्यावर वेगळं काय होणार? २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली.

आता निवड. चौथीपर्यंत शिकवत असाल तर लेखी कमीत कमी ठेवा, मूल वाचून दाखवतं का, हिशेब करतं का ते बघा. पाचवी ते नववीत वरचेवर छोट्या चाचण्या घ्या, पण प्रगतिपुस्तकात त्यांचे गुण चढवू नका. उजळणी वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं आठवडाभराने जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात दिसलं होतं, आणि लेखीचा हा फायदा गुणांशिवायही मिळतो. दहावी-बारावीच्या अनेक विषयांत ८० लेखीला आणि २० अंतर्गतला, ही विभागणी तुमच्या हातात नाही. ते २० मात्र आहेत, आणि ते सरसकट वाटले तर वर्षभर राबलेल्या मुलाचंच नुकसान होतं.

पदवी महाविद्यालयात अंतर्गत ४० गुण असतील तर मी २० वर्गातल्या लेखीला, उघड्या पुस्तकाने, आणि २० तोंडीला ठेवेन. तोंडीला दोन परीक्षक बसवा, त्यातला एक दुसऱ्या विभागाचा घ्या. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधी करून ठेवा, प्रत्येक उत्तरापुढे एक ओळ लिहा आणि तो कागद निकालानंतरही जपून ठेवा. विद्यार्थी ‘मला १२ का?’ असं विचारायला आला की तोच कागद त्याच्यासमोर ठेवता येतो.