पाय-होल : जाहिराती अडवतं ते ठीक, पण खरा माल त्याच्या लॉगमध्ये आहे

पाय-होलबद्दल बहुतेक जण "सगळ्या घराच्या जाहिराती बंद करणारं फुकट सॉफ्टवेअर" एवढंच सांगतात, मग कोणीतरी उत्साहाने ते टाकतं, यूट्यूब लावतं, पहिलीच जाहिरात समोर येते आणि "काय उपयोग नाही राव" म्हणून दुसऱ्या दिवशी काढूनही टाकतं. यात दोष सांगणाऱ्याचा. ब्लॉक म्हणजे इथे नक्की काय अडतं हे आधी कळलं ना, तर या सॉफ्टवेअरला मी डोळे मिटून पाचपैकी साडेचार देईन.

काम साधं आहे. फोन, टीव्ही, लॅपटॉप, कुणीही नेटवरनं काही मागवायच्या आधी डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरनं तिचा आकडी पत्ता (आयपी) सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारतो की या नावाचा पत्ता काय. पाय-होल त्या जागी बसतं. नाव त्याच्या जाहिरातवाल्यांच्या लिस्टमध्ये असेल तर ०.०.०.० असं उत्तर देऊन मोकळं होतं, म्हणजे पत्ताच नाही, जा परत. लिस्टमध्ये नसेल तर तुम्ही निवडलेल्या डीएनएसकडून, क्वाड९ म्हणा क्लाउडफ्लेअर म्हणा, खरा पत्ता आणून देतं आणि थोडा वेळ लक्षात ठेवतं. बास. आत काय डाउनलोड होतंय ते बघत नाही, पानातला एखादा तुकडा उचलून बाजूला करणं त्याच्या हातात नाही. यूट्यूबची जाहिरात आणि व्हिडिओ एकाच घरातनं येतात, त्यामुळे नाव अडवलं तर दोन्ही जाणार. म्हणून ब्राउझरमधला अॅडब्लॉकर काढू नका, दोघांची कामं वेगळी आहेत.

टाकायला अवघड नाही. ५१२ एमबी रॅमवाला जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) सुद्धा पुरतो, एक कमांड मारायची, त्या डब्याचा आयपी पक्का करायचा आणि राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या डिव्हाइसना नेटची सेटिंग वाटतं ते) डीएनएस म्हणून तो आयपी द्यायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत व्हर्जन ६ आलं त्यात त्याचं सेटिंगचं पान दाखवायला वेगळा वेबसर्व्हर आणि पीएचपी लागायची ती भानगडच गेली.

आता लोक जिथे आपटतात ते. राउटरमध्ये डीएनएसचे दोन रकाने असतात, पहिल्यात पाय-होल आणि दुसऱ्यात "असू दे बॅकअप" म्हणून ८.८.८.८, म्हणजे गुगलचा डीएनएस, टाकतात. तो बॅकअप नसतो हो! कुठलं डिव्हाइस कधी दुसऱ्याला विचारेल याचा नेम नाही, मग जाहिराती कधी येतात कधी येत नाहीत आणि शिव्या पाय-होलला. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिकडूनही राउटर आपला स्वतःचा डीएनएस वाटत असतो, तेही बघा. काही टीव्ही आणि स्ट्रीमिंगचे डबे राउटर काय सांगतोय ते ऐकतच नाहीत, त्यांच्यात डीएनएस कारखान्यातनंच भरून येतो, त्यांच्यासाठी राउटरच्या फायरवॉलमध्ये पाय-होल सोडून बाकी सगळ्यांचं पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचे प्रश्न ज्या दारातनं बाहेर जातात ते, बंद करावं लागतं. आणि ब्राउझरने डीएनएस एचटीटीपीएसमध्ये गुंडाळून पाठवला तर तोही उपाय चालत नाही, कारण ते नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये मिसळून जातं. फायरफॉक्सला "इथे तसं करू नकोस" असं सांगायची एक ठरलेली खूण आहे, ती पाय-होल आपणहून देतं, पण कोणी सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू केलं असेल तर फायरफॉक्स त्या खुणेला जुमानत नाही. अँड्रॉइडमध्ये "प्रायव्हेट डीएनएस"ला कुणाचं नाव भरलेलं असेल तर तो फोनही गेला हातातनं.

एवढं करून मग क्वेरी लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंदवही, उघडायचा, आणि माझ्या मते पैसा वसूल इथे आहे (फुकट आहे तरी). प्रत्येक ओळीत वेळ, कुठल्या डिव्हाइसने विचारलं, कुठलं नाव विचारलं आणि काय झालं, गेलं की अडलं, अडलेलं लाल. रात्री सगळे झोपलेले असताना बघा, टीव्ही बंद दिसतोय, स्टँडबायचा बारका दिवा तेवढा लागलाय, आणि लॉगमध्ये त्याच्या नावाच्या ओळी सरकतायत, आकडेवारी गोळा करणारी, जाहिरात मोजणारी नावं, एकामागनं एक. फोनवर साधा टॉर्चचा अॅप उघडला तर तो कोणाकोणाला हाका मारतो ते इथे दिसतं. जाहिरात दिसली नाही याचा आनंद दोन दिवस टिकतो, हे बघायची सवय मात्र लागते.

डॅशबोर्डवरच्या टक्केवारीला भुलू नका पण. "आमच्याकडे इतके टक्के ब्लॉक" म्हणून स्क्रीनशॉट टाकणारे खूप आहेत. अडवलेल्या उत्तराची मुदत मुळात फक्त २ सेकंद ठेवलेली असते, त्यामुळे हट्टी डिव्हाइस तेच नाव पुन्हा पुन्हा विचारत बसतं आणि आकडा फुगतो. एक बिथरलेला टीव्ही पुरेसा आहे.

लिस्टचंही तेच. सुरुवातीला स्टीव्हन ब्लॅक नावाच्या माणसाने जमवलेली अडवायच्या नावांची एक लिस्ट मिळते, बहुतेकांना ती पुरते, पण हाव सुटते आणि लोक लाखो नावांच्या लिस्टा ओतत सुटतात. मग कुणाचं लॉगिन अडतं, कुणाच्या मेलमधली लिंक उघडत नाही (तिच्यात मधे ट्रॅकर, म्हणजे कोणी दाबलं ते टिपणारी साइट, असतो ना), सर्चमधली सगळ्यात वरची प्रायोजित लिंक दाबली की कोरं पान. आणि पाय-होल "मी अडवलं" असं सांगत नाही, ब्राउझर फक्त कनेक्शन झालं नाही म्हणतो, म्हणजे घरच्यांच्या मते नेट गेलं, आणि हाक तुम्हालाच. तेव्हा लॉगमध्ये त्यांच्या फोनच्या लाल ओळी बघायच्या, संशयित नावासमोरचं अलाउ दाबायचं, परत उघडून बघायला सांगायचं. घाईत असाल तर सगळं ब्लॉकिंग ५ मिनिटं बंद ठेवायचं बटण आहे. ग्रुप करायची सोय तर फार कामाची, मुलांच्या टॅबला कडक लिस्ट, ऑफिसच्या लॅपटॉपला काहीच नाही, असं डिव्हाइसनुसार लावता येतं.

अर्धा मार्क कापला तो यासाठी की तो डबा बसला की सगळ्या घराचं नेट बसतं, आणि स्वस्तातलं मेमरी कार्ड रोजच्या लॉग लिहिण्याने कधीतरी दगा देतंच. दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर आणखी एक पाय-होल टाकून राउटरच्या दुसऱ्या रकान्यात त्याचा आयपी द्या, तो रकाना त्यासाठीच वापरा. आणि सतत बाहेरगावी असाल, घरी लॉग वाचणारं दुसरं कोणी नसेल, तर राउटरला न लावता फक्त तुमच्या स्वतःच्या डिव्हाइसवर त्याचा आयपी हाताने भरा, बाकीच्यांना हात लावू नका.