ब्रिजचे १६ बोर्ड, ४ बिडिंग बॉक्स : टुर्नामेंट खेळणाऱ्या लेकीसाठी घेतलेला सेट, आठ महिने वापरून

आधीच सांगते, घरी मेंढीकोट खेळायला पत्त्यांचा एक कॅट पुरतो, त्यासाठी हे घेऊ नका. आमची लेक १५ वर्षांची आहे आणि ब्रिज (दोन जोड्यांनी बोली लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ) अगदी सिरियसली खेळते, म्हणजे शाळा, क्लास उरकून रोज दीड तास, आणि सुट्टीत टुर्नामेंट असली की तिची बॅग आदल्या रात्रीच भरलेली. हे वेड माझ्या बाबांमुळे. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन (वय ६०) आणि शिबनाथ डे सरकार (५६) यांनी ब्रिजच्या पेअर्सचं, म्हणजे जोड्यांचं, गोल्ड घेतलं तेव्हा बाबांनी तिला पेपरातली बातमी वाचून दाखवली आणि लगेच एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ असे हातातल्या पानांचे गुण मोजायला बसवलं, तेव्हा ती ८ वर्षांची होती.

पुढे सगळी प्रॅक्टिस मोबाइलवर, ब्रिज बेस ऑनलाइनवर. ते उत्तमच आहे, तिला आज जे येतं त्यातलं निम्मं तिथेच आलंय. पण स्क्रीनवर चुकीचं पान पडतच नाही ना! हातात तो रंग असेल तर दुसऱ्या रंगाच्या पानावर कितीही टॅप करा ते जात नाही, उतारी दुसऱ्याची असेल तर तुमचं पान हलत नाही. टेबलावर मात्र सगळं होतं. गेल्या वर्षी मोठ्यांच्या एका टुर्नामेंटमध्ये ती फोर स्पेड खेळत होती, म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात करायचे, ते दहा नीट होत होते, आणि किलवरची तिरी इस्पिकांच्या मागे लपली, तिला वाटलं किलवर संपले आणि तिने हुकूम मारला. दोन हात पुढे गेल्यावर ती तिरी सापडली. डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचे पंच, आले, रिव्होक (रंग असून दुसरं पान टाकणं), तो हात तिनेच हुकमाने घेतलेला आणि नंतरचेही घेतलेले म्हणून दोन हात समोरच्यांना गेले. दहाचे आठ. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. मग मी हा सेट मागवला.

सेटमध्ये १६ प्लास्टिक बोर्ड (वाटलेली चौघांची पानं वेगवेगळ्या खाचांत ठेवायचे), १६ कॅट आणि ४ बिडिंग बॉक्स (तोंडाने न बोलता बोली दाखवायच्या पत्त्यांचे डबे). पत्ते ब्रिज साइझचे आहेत, नेहमीच्या रुंद पत्त्यांपेक्षा अरुंद, १३ पानं पंख्यासारखी धरताना मुलांच्या हातात नीट बसतात (रुंद घेतलेत तर बोर्डाच्या खाचेत जाणारही नाहीत, बघून घ्या). बिडिंग बॉक्स मला सगळ्यात आवडले. वन क्लबपासून सेव्हन नोट्रम्पपर्यंत ३५ बोल्या, हिरवे पास, लाल डबल, निळे रीडबल, शिवाय स्टॉप आणि अलर्ट. बोली काढली की तिच्या मागच्या खालच्या सगळ्या बोल्या एकत्र बाहेर येतात, हे आधी विचित्र वाटतं, आठवड्यात बोटांना सवय होते. लेक आधी काय करायची, विचार करता करता बॉक्समधल्या पानांवर बोट फिरवत राहायची, आणि बाबा म्हणाले, "अगं, तुझं बोट कुठं थांबलं ते तुझ्या जोडीदाराला दिसतंय, ही पण माहितीच झाली." आता ती आधी ठरवते, मगच हात नेते. हे अ‍ॅपवर कसं शिकवणार?

आता तक्रार. पाचव्या बोर्डावर चारही बाजू हिरव्या छापून आल्या होत्या, म्हणजे कोणीच व्हल्नरेबल नाही (व्हल्नरेबल बाजू लाल असते, तिला हात कमी पडले तर दंड जास्त). मला काही कळलं नसतं, लेकीने बोर्ड हातात घेतला आणि म्हणाली, "आई, पाचला नॉर्थ-साउथ (समोरासमोर बसलेली एक जोडी) लाल असतात." तिला सोळाच्या सोळा पाठ आहेत. ही बारीक गोष्ट नाही हो. समोरच्यांचा फोर हार्ट होणार, त्याचे ४२० गुण त्यांना जाणार, म्हणून आपण फोर स्पेड बोललो, डबल खाल्ला (समोरच्यांनी दंड वाढवला) आणि दोन हात कमी पडले, तर हिरव्यात ३०० जातात म्हणजे आपला फायदा, आणि लालमध्ये ५०० जातात म्हणजे नुकसान. तोच निर्णय, आणि एका रंगाने उलटा. विक्रेत्याला फोटो पाठवला तर आधी "बोर्ड असेच असतात" असं उत्तर आलं, मग लेकीनेच सोळा बोर्डांचा तक्ता लिहून पाठवला, आणि तीन आठवड्यांनी नवीन बोर्ड आला. एवढं भांडायला लागू नये. शिवाय पावसाळ्यात बॉक्समधले कागदी पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात, पास काढायला जावं तर दोन येतात, आम्ही जून ते सप्टेंबर डबे बंद कपाटात ठेवले.

पण उपयोग खूप झाला. तिच्या टीमची दुसरी जोडी नाशिकला असते, आम्ही पुण्यात. कोच एकच १६ डावांची यादी दोन्ही घरी पाठवतात, ज्यांना खेळायचं नाही असं कोणीतरी, म्हणजे बहुतेक मीच, पानं लावून बोर्डांत भरते, इकडे या दोघी नॉर्थ-साउथ आणि समोर बाबा आणि त्यांचे मित्र, तिकडे ती दोघं ईस्ट-वेस्ट. दोन्हीकडे पानं तीच, म्हणून रात्री फोनवर गुणांची तुलना, हिशोब. परवा इथे ६२० आले आणि तिकडे त्याच पानांवर समोरचे गेम बोललेच नाहीत, १७० वर थांबले, म्हणजे १० इंपचा (गुणांच्या फरकावरून टीमला मिळणारे गुण) फायदा, दोन्ही घरी आरडाओरडा.

आणि ती तिरी. आता बोर्डातून पानं काढली की लेक उघडायच्या आधी पालथीच १३ मोजते, आणि काळ्या रंगांच्या मध्ये लाल रंग लावते. तिची जोडीदारीण डमी (पानं उघडी मांडून बसलेली) असली आणि हिने दुसऱ्या रंगाचं पान टाकलं की प्रत्येक वेळी विचारते, "किलवर नाही?" डमीला हे विचारायची परवानगी असते, त्या टुर्नामेंटमध्ये ती विचारायला विसरली होती, तिलाही ते फार लागलं होतं.

मूल टुर्नामेंट खेळणार असेल तर नक्की घ्या, आल्या आल्या सोळाही बोर्डांचे रंग तपासा, आणि बजेट कमी असेल तर आधी फक्त बिडिंग बॉक्स घ्या, बोर्डांच्या जागी चार-चार पाकिटं चालतात, आम्ही पहिले दोन महिने तेच केलं.