कोच ठेवायचा की बदलायचा: शिकागोची दोन कॉलेजं आणि आमचं तिसरं

बास्केटबॉलची टीम हरत असेल तर कोच ठेवायचा की बदलायचा? शिकागोच्या आसपास राहणाऱ्याला या प्रश्नासाठी लांब जावं लागत नाही. उत्तरेला एव्हन्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न आहे, शहरात डीपॉल. एकाने हरणारा कोच ठेवला, दुसऱ्याने कोच बदलून बदलून पाहिले. आमचं तिसरं कॉलेज इथून गाडीने दोन तासांवर, डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या तिसऱ्या थरातलं, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. मी तिथे गणित शिकवतो. प्राध्यापकांतर्फे खेळाच्या समितीवर बसायची पाळी माझ्यावर आली आणि पहिल्याच वर्षी हे प्रकरण टेबलावर आलं: ६ सामने जिंकले, १९ हरले, कोचचं काय करायचं?

आधी ठेवण्याची बाजू. ख्रिस कॉलिन्स नॉर्थवेस्टर्नला २०१३ साली आले आणि २०१७ साली त्यांनी कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा टीमला एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत नेलं. त्यानंतर मात्र सलग पाच सीझन जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. त्यातला २०१९-२० चा तर ८ विजय आणि २३ पराभवांचा. २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेकांनी धरलंच होतं की गेले. पण अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने, म्हणजे खेळ विभागाच्या प्रमुखाने त्यांना ठेवलं आणि आवश्यक ते बदल झाले पाहिजेत हेही जाहीरपणे सांगितलं. वर त्याच उन्हाळ्यात टीममधला एक उंच खेळाडू नॉर्थ कॅरोलायनाला गेला, दुसरा ड्यूकला. दुष्काळात तेरावा महिना! तरी पुढच्या सीझनला २२ विजय, अव्वल क्रमांकावरच्या पर्ड्यूला घरच्या कोर्टवर हरवलं, आणि पुन्हा एनसीएए. काय बदललं होतं? ख्रिस लोवरी नावाचे नवे असिस्टंट आले आणि डिफेन्स ओळखू येईना इतका सुधारला. बू बुईसारखा जुना गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, टिकून राहिला. मुख्य खुर्ची हलली नाही, तिच्या शेजारची हलली.

आता डीपॉल. या कॉलेजने कधीकाळी कोच रे मायर यांना १९४२ पासून १९८४ पर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षं ठेवलं होतं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. २००४ साली डेव्ह लेताओंनी एनसीएए गाठली आणि पुढच्या वर्षी ते दुसरीकडे गेले. मग वेनराइट आले, त्यांना सीझनच्या मध्येच काढलं. मग पर्नेल आले. मग २०१५ मध्ये चक्क लेताओच परत आले. मग स्टबलफील्ड, त्यांनाही २०२४ च्या जानेवारीत सीझन चालू असताना निरोप मिळाला, आणि तो सीझन ३ विजय आणि २९ पराभवांवर संपला. बिग ईस्ट या त्यांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, तर विसाच्या वीस सामने हरले. पुढचे आले ख्रिस होल्टमन, ज्यांना महिनाभर आधीच ओहायो स्टेटने काढलं होतं. या वीस वर्षांत एनसीएए एकदाही नाही. पहिले पाढे पंचावन्न, दुसरं काय!

अर्थात, सगळं खापर बदलण्यावर फोडणं बरोबर नाही. डीपॉलचे घरचे सामने २०१७ पर्यंत विमानतळाजवळच्या रोझमाँटमध्ये व्हायचे. विद्यार्थ्याने थंडीत तेवढ्या लांब का जावं? कोच कुणीही असो, रिकाम्या खुर्च्या त्याच राहणार.

बदलण्याच्या बाजूचं माझ्या माहितीतलं सगळ्यात भक्कम उदाहरण आयोवा स्टेटचं. २०२०-२१ मध्ये २ विजय, २२ पराभव, आणि कॉन्फरन्समध्ये एकही विजय नाही. कोच बदलला, टी. जे. ओत्झेलबर्गर आले, आणि पुढच्याच मार्चमध्ये टीम एनसीएएच्या शेवटच्या सोळांत! हे पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे शक्य झालं. २०२१ मध्ये नियम सैल झाला, खेळाडूने पहिल्यांदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागेना, त्यामुळे नवा कोच एका उन्हाळ्यात अर्धी टीम उभी करू शकतो. ‘माझी मुलं यायला तीन वर्षं लागतील’ ही सबब मोठ्या कॉलेजांत आता चालत नाही. तुमचं कॉलेज त्या थरातलं असेल आणि माजी विद्यार्थी पैसा ओतायला तयार असतील, तर माझा पुढचा मजकूर जरा सांभाळूनच घ्या. इंडियानाने २०२१ साली आर्ची मिलर यांना काढताना एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजली, तीही देणगीदारांच्या खिशातून. आमच्याकडे तेवढ्यात नवं ग्रंथालय झालं असतं.

आमच्याकडे पोर्टलमधून कुणी धावत येत नाही. स्कॉलरशिप नाही, मुलगा येतो तो मुळात अकाउंटिंग शिकायला. आहेत त्या पोरांवरच सगळं. आणि माझं मत ठरलं ते आकड्यांवरून नव्हे, एका शब्दावरून.

कोर्टच्या कडेला स्क्रीन लागली, म्हणजे चेंडूवाल्याच्या जोडीदाराने आपल्या गड्याची वाट अडवली, की चेंडूवाल्याला मधे येऊ द्यायचं नाही, साइडलाइनकडे ढकलायचं, आणि आपला उंच गडी खाली थांबून वाट अडवणार, असा हा डिफेन्सचा प्रकार. त्याला कुणी ‘आइस’ म्हणतं, कुणी ‘ब्लू’, कुणी ‘डाउन’. आमच्या चौथ्या वर्षाच्या गार्डने चार वर्षांत तीन कोच पाहिले. पहिल्याला काढलं, दुसरा वर्षभरात चांगली नोकरी मिळाली म्हणून गेला, तिसरा हा. पहिल्या वर्षी तो ‘आइस’ शिकला, दुसऱ्या वर्षी ‘ब्लू’, नंतर ‘डाउन’. हालचाल तीच, पाय तेच, नाव दर वेळी नवं.

फेब्रुवारीतला घरचा सामना. मी बेंचच्या मागे तिसऱ्या रांगेत होतो. शेवटचं मिनिट, आम्ही दोन गुणांनी पुढे. बेंचवरून हाक आली, ‘डाउन, डाउन!’ गार्ड दमलेला, त्याने मान वळवून मागे ओरडून सांगितलं ते ‘ब्लू!’ मागचा उंच गडी, आमचा सेंटर, पहिल्या वर्षाचा, त्याने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. काहीतरी वेगळं सांगतोय असं वाटून तो पुढे सरकला, समोरचा पोरगा कडेच्या मोकळ्या वाटेने आत शिरला आणि ले-अप, जवळून सोपा बास्केट. बरोबरी झाली, ओव्हरटाइममध्ये हरलो. नंतर कॉरिडॉरमध्ये तो गार्ड गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. म्हणाला, ‘‘सर, दमलो की आधीचं नाव तोंडात येतं.’’ मी काय बोलणार? तीस वर्षं अमेरिकेत काढून मीही फळ्यापाशी मनातल्या मनात मराठीतच मोजतो.

कोच काढला असता तर राहिलेल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक नाव आलं असतं. आमच्या डायरेक्टरनी नव्या कोचच्या जागेसाठी तीन उमेदवारांशी व्हिडिओवर बोलून ठेवलं होतं, मीही हजर होतो. तिघेही भली माणसं. तिघांनीही सांगितलं की पहिलं वर्ष सिस्टीम बसवण्यात जाईल, त्याचा हिशोब धरू नका. एकाला मी ‘डाउन’बद्दल विचारलं. ‘‘आम्ही त्याला वेगळं म्हणतो, पण मुलं महिन्याभरात शिकतात,’’ असं त्याने हसून सांगितलं. माझं मत तिथेच पडलं. सांगलीच्या आमच्या कॉलेजात जिमखान्याचे सर एकदा नोकरीला लागले की निवृत्तीपर्यंत तेच. त्याचे तोटे मी पुरेपूर भोगलेत, त्यामुळे माणूस चिकटून राहणं म्हणजेच गुण असं मी म्हणणार नाही. मुलांना टाकून बोलणारा, दुखापत लपवायला लावणारा कोच असेल तर मत कसलं घेता, त्याच दिवशी मोकळं करा. आमचा तसा नव्हता. त्याला डिफेन्स शिकवता येत नव्हता, एवढंच.

तेव्हा आम्ही नॉर्थवेस्टर्नची नक्कल केली, आमच्या ऐपतीप्रमाणे. कोच राहिला, पण डिफेन्सचा सराव पूर्णपणे नव्या असिस्टंटच्या हाती, हे त्याच्याकडून लिहून घेतलं. तो असिस्टंट अर्धवेळ आहे, दुपारी चारपर्यंत इन्शुरन्सच्या ऑफिसात असतो. पहिल्या दिवशी त्याने एकच प्रश्न विचारला: ‘‘इथे याला काय म्हणतात?’’ ‘डाउन’ म्हणतात कळल्यावर त्यानेही ‘डाउन’च म्हणायला सुरुवात केली. पुढचा सीझन ११ विजय आणि १४ पराभव. फार मिरवण्यासारखं नाही, मान्य, आणि कदाचित नवा कोच १५ जिंकूनही दाखवता. ते आता कुणाला कळणार?

तुमच्या समितीसमोर हाच विषय असेल तर उमेदवारांना बोलावणी धाडण्यापूर्वी एकदा प्रॅक्टिसला जा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा एखादा मुलगा पाणी प्यायला बाहेर येईल, त्याला विचारा की त्या डिफेन्सची किती नावं त्याला येतात.