यलोनाइफची हिवाळी सहल: सोलापूरकरांसाठी रोखठोक

उत्तर कॅनडातलं हे शहर ग्रेट स्लेव्ह तलावाकाठी आहे. तलाव ६१४ मीटर खोल, उत्तर अमेरिकेत सर्वांत जास्त. सोलापूरहून मुंबई, मग कॅलगरी किंवा एडमंटन, तिथून पुढे पुन्हा विमान.

ओल्ड टाउन पायी होतं. पायलट स्मारकाच्या टेकडीवर चढाच. ध्रुवीय प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशातले हिरवे झोत, बघायला मात्र शहराच्या दिव्यांपासून लांब जावं लागतं. तिथे सिटी बस काही कामाची नाही, टूरवाल्याची गाडी बरी.

स्वतः गाडी घेतलीत तर इंजिन-हीटरची वायर रात्री प्लगला लावायचीच. उणे ३० मध्ये ऑइल घट्ट होतं, बॅटरी मान टाकते आणि सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. डेट्टा गावाचा बर्फरस्ता, सुमारे साडेसहा किलोमीटर, थेट गोठलेल्या तलावावरून जातो. तिथे वेगाची मर्यादा पाळा. गाडी जोरात गेली की बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि बर्फ तडकतो.

सोलापुरी चादर कितीही जाड असली तरी इथे तिचं काही चालत नाही. पार्का (टोपीवाला जाड कोट) आणि बूट भाड्याने घ्या. जेवण महाग, तेव्हा कडक भाकरी नि शेंगाचटणी बॅगेत असू द्या. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, नाहीतर आकाश हिरवं व्हायला आणि तो बंद पडायला एकच गाठ.