लेथ झाकायला घेतलेली गंजरोधक व्हीसीआय पिशवी, दोन पावसाळे काढल्यावर

रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत आपलं छोटं वर्कशॉप आहे, कामं कमी झाली म्हणून धातू कातायची दहा फुटी लेथ मशीन बंद ठेवायची वेळ आली. पहिल्या वर्षी सगळे करतात तेच केलं, बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब लोखंडी पाठीवर, ग्रीस थापलं आणि वरून ताडपत्री गच्च आवळली. गणपतीत उघडतो तर ताडपत्रीला आतून घाम फुटलेला, थेंब बेडवर, आणि ग्रीस जिथं जिथं सुटलं होतं तिथं लालभडक गंज. चार दिवस रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. इथली हवा खारी, त्यात ६० टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की लोखंड फार लवकर गंजतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याच्या खाली येतो कुठे.

मग पुण्याहून व्हीसीआयची मोठी पिशवी मागवली. हिच्या प्लास्टिकमध्येच गंज रोखणारं केमिकल असतं, त्याची हळूहळू वाफ होऊन धातूवर दिसणारही नाही इतका पातळ थर बसतो. पण पिशवी नीट बंद हवी, फट राहिली की वाफ उडून जाते आणि मग ते नुसतं महागडं प्लास्टिक. खालून फिल्म सरकवायला आम्ही चेन ब्लॉकने मशीन उचलली, अर्धा दिवस त्यातच गेला.

रिझल्ट? दोन पावसाळ्यांनंतर उघडली, बेड, चक, लीडस्क्रू सगळं चकचकीत. फक्त टेलस्टॉकजवळ चार बोटं आणि तळव्याचा अर्धा ठसा, गंजाचा, अगदी रेषा मोजाव्यात इतका स्पष्ट! पोराने आधी पुसलेल्या जागी उघडा हात टेकला होता, घामातलं मीठ. त्यामुळे पिशवीला दोष नाही देणार, आधी डिझेलने धुवा, कोरडं करा, रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइलचा हात मारा आणि हातमोजे घाला राव.

तक्रार विकणाऱ्याबद्दल आहे. लेथमध्ये हाफनट (लीडस्क्रूला पकडणारा दोन तुकड्यांचा नट) ब्राँझचं असतं, म्हणून विचारलं की ही फक्त लोखंडासाठीची आहे की मल्टिमेटल, म्हणजे तांब्या-पितळेलाही चालणारी, तर म्हणे "सगळ्याला चालते साहेब". लोखंडाच्या काही व्हीसीआयने तांब्या-पितळेवर डाग पडतात, म्हणून डेटाशीट मागितली तर ती तिसऱ्या फोननंतर आली. सोबतची टेप तर एका उन्हाळ्यात सुटली, मी नवीन लावली म्हणून वाचलो.

आत सिलिका जेलपण ठेवलं होतं, निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे किंवा भट्टीत तापवून परत निळे करायचे. घरच्या ओव्हनमध्ये अजिबात नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

पाचपैकी चार. यंदा सरफेस ग्राइंडर ठेवायचाय, त्याला तयार पिशवी न घेता रोल घेतलाय, मापात कापता येतो आणि टेप दुसऱ्या दुकानातून.